चार मिलिमीटर

स्वयंपाकघराच्या भिंतीतली भेग काल सहा मिलिमीटर होती, आज चार. भूकंपानंतर भेगा रुंदावतात. ही मात्र धक्क्यागणिक मिटत होती.

भेग हलली की तुटावी म्हणून भूकंपशास्त्रज्ञ सुनेने तिच्यावर आडवी काचपट्टी चिकटवली होती. भेग दोन मिलिमीटर मिटूनही पट्टी अख्खीच होती, पण लाळेसारख्या कोमट, चिकट पाण्याने बरबटलेली. सुनेला शिसारी आली.

धक्के सुरू झाल्यापासून अठरा दिवस घर सोडू म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. सासूबाईंनी पोटाला चिमटा काढून ते बांधलं होतं.

"एवढी शिकलीस, आणि ओलीला घाबरतेस?" सासूबाई हसल्या. "पुसून टाक."

तेवढ्यात जमीन हलली. थांबली तेव्हा भेग घट्ट मिटली होती आणि पट्टी नव्हती. भिंतीच्या आत काच चावल्याचा आवाज येत होता. सावकाश, चवीने.

"आई, चपला घाला," सून म्हणाली. "आपण हे घर सोडतोय."