शमुवेलची साक्ष

रविवारी पत्र्याच्या चर्चमध्ये शमुवेल साक्ष द्यायला उभा राहिला, तेव्हा त्याची चुलत भावजय रूथबाई मागच्या बाकावर बसली होती. उन्हाळ्यात तिच्या पाळीचं कालव्याचं पाणी यानं पाट फोडून शेजारच्याच आपल्या उसात वळवलं होतं. तिचा ऊस जागेवर वाळला. त्याबद्दल हा तिच्याशी आजवर एक अक्षर बोलला नव्हता.

“मी पापी व्हतो,” शमुवेल डोळे पुसत म्हणाला. “पण येशूच्या रक्तानं देवाशी माझा समेट झाला. रूथवैनींनी माझी गावभर बदनामी केली, त्याचीबी मी त्यांला क्षमा केलीय.”

“आमेन!” मंडळी गहिवरली.

प्रभुभोजनाची वेळ झाली. रूथबाईनं भाकरीसाठी हात पुढे केला, तसे बारामतीहून आलेले पाळकसाहेब थांबले आणि हळूच म्हणाले, “बाई, मनात अढी ठेवून ही भाकर घेऊ नये. शमुवेलला खुद्द देवानं जवळ केलं. तुम्हीच तेवढ्या मागं राहिलात.”

रूथबाईनं हात मागे घेतला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “देवाला समेट करायला काय जातंय, साहेब? देवाचं वावर कुठं याच्या बांधाला लागून हाय?”