दार्सिनीला पडलेली मतं

शेवटची मतपत्रिका उजेडात धरून शाळामास्तरांनी मत देताना तिच्यात पाडलेलं खिळ्याचं भोक सगळ्यांना दाखवलं आणि पुन्हा दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुकारलं. मोजणी संपली. अंगणात बसलेल्या दार्सिनीने शाई लागलेलं बोट ओढणीत लपवलं.

स्वतःच्या गावात तिला दोन मतं पडली होती. एक तिचं. दुसरं माझं, असं तिचा नवरा वार्तोनो शपथेवर सांगत होता.

सव्वीस वर्षं ती डांगडुटची गाणी गात होती. ढोलकी-बासरी सुरू झाली की हा अख्खा किनारा तिच्यासमोर नाचायचा. पण दर पौर्णिमेला समुद्राचं पाणी घरात शिरतं, इथं बांध हवा, असं ती दोन गाण्यांच्या मध्ये सांगू लागली की लोक म्हणायचे, "पुढचं गाणं घ्या." म्हणून ती जिल्हा सभेच्या निवडणुकीला उभी राहिली. तिथं तरी कुणी फर्माईश करणार नव्हतं.

घरी जाताना तिने वास्ती मावशीला गाठलं. प्रचारात सगळ्यात पुढे हीच नाचली होती.

"मावशी, तुझं मत कुठं गेलं?"

"तुला कसं देऊ?" मावशी जराही लाजली नाही. "तू तिकडं जाऊन बसलीस तर ईदनंतर माझ्या नातीच्या लग्नात गाणार कोण? सुपारी दिलीय तुला. गावात सगळ्यांचंच तसं आहे, बाई. कुणाचं लग्न, कुणाची सुंता."

दार्सिनीला रडावं की मिरवावं ते कळेना. घरी येऊन ती रडली.

तीन दिवसांनी सगळ्या गावांचे आकडे वार्तोनोच्या फोनवर आले. ती निवडून आली होती. नदीपलीकडच्या अकरा गावांनी तिला भरभरून मतं दिली होती. तिथं तिची एकच सभा झाली होती, आणि तीही माइक बंद पडल्यामुळे अर्धवट.

"समजदार लोक आहेत," वार्तोनो म्हणाला. "त्यांना बांधाचं महत्त्व कळतं."

दार्सिनीलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्या भाताची परात घेऊन एक बाई दारात आली. एनिंग रोसिता, नदीपलीकडची गायिका. गळा चांगला होता तिचा, पण तिच्या गावचे लोकसुद्धा लग्नाला दार्सिनीलाच बोलवायचे.

"दीड महिना घरोघर फिरले, म्बाक," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणत तिने परात खाली ठेवली. "पायाला फोड आले. पण आणलं तुम्हाला निवडून."

दार्सिनीच्या लक्षात आलं. मग तिला हसू आवरेना.

"म्हणजे आता सुपाऱ्या तुला."

"चार आल्यासुद्धा." एनिंगही हसली. मग गंभीर होऊन तिने दार्सिनीचे दोन्ही हात धरले. "फक्त काम नीट करा, म्बाक. पाच वर्षांनी तुम्ही पडलात, तर पुन्हा गायला लागाल."