यादीतली थोरली

कंपायलर, म्हणजे आम्ही लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा, मोठा कंजूष. ज्या क्लासला, म्हणजे कोडच्या तुकड्याला, प्रोग्राममध्ये कुणी हाक मारत नाही, तो क्लास तो सरळ गाळून टाकतो. म्हणून आम्ही एक यादी ठेवतो: यांना कुणी हाक मारली नाही तरी यांना राहू द्यायचं.

आज त्या यादीत 'थोरली' असं नाव दिसलं. ते कुणी घातलं, कुणालाच आठवेना.

"अडगळ आहे, काढ," शेजारचा सहकारी म्हणाला. मी ओळ पुसली. प्रोग्राम बिनबोभाट चालला.

संध्याकाळी घरी आले, तर आई तीन ताटं मांडून बसली होती.

"आपण दोघीच ना गं? मग हे तिसरं कुणाचं?" तिनेच मला विचारलं.

आणि तिने ते उचलून बाजूला ठेवलं. भिंतीवरच्या फोटोत लहानपणची मी एकटीच होते, पण कुणाचं तरी बोट धरल्यासारखी मूठ वळून.

फोन वाजला. सहकारीच होता.

"अगं, 'थोरली'च्या खाली 'धाकटी' पण होती. तिलाही कुणी हाक मारत नाही. काढतोय."

"थांब!" मी ओरडले.

"हॅलो?" तो म्हणाला. "कोण बोलतंय?"

समोर आईने दुसरं ताटही उचललं आणि विचारात पडल्यासारखी त्याच्याकडे बघत राहिली.