मधली भिंत

प्रदर्शनाचं दार उघडायला तासभर उरला होता आणि दालनातली मधली भिंत रिकामीच होती. तिथलं मोठं चित्र चित्रकर्तीने सकाळीच बालरुग्णालयाच्या मदतनिधीसाठी लिलावाला देऊन टाकलं होतं. “दानधर्म ठीक आहे हो, पण माझं नाक कापलंत!” दालनाचे मालक कपाळावर हात मारून म्हणाले. तिने कोरा कॅनव्हास भिंतीवर टांगला, बाह्या सरसावल्या आणि रंगांना हात घातला. पाहुणे कधी आले, तिला कळलंच नाही. कोपरापर्यंत पिवळी झालेली ती स्वतःशीच हसत भराभर रंगवत होती. “ताई, लोक श्वास रोखून उभे आहेत गं!” धाकटी बहीण कानाशी कुजबुजली. तेवढ्यात एका गृहस्थांनी विचारलं, “हे चित्र केवढ्याला?” ती वळायच्या आत मालकच टुणकन खुर्चीवर चढले. “विकायचं नाही, लिलाव होणार! बोला, रुग्णालयासाठी पहिली बोली कोणाची?”