वाचनालयातली थाप

"कोणाचा विश्वास बसणार नाही, पण एका वेलांटीवरून आमच्या शुद्धलेखनाच्या ग्रुपवर अकराशे मेसेज पडले होते," कुंटे ग्रंथपालबाईंना सांगत होते. "एक डॉक्टर तर पेशंटच्या तोंडात थर्मामीटर विसरून दोन तास वाद घालत बसला!"

बाई हसल्या. खिडकीपाशी पेपरामागे बसलेले केळुसकर हसले नाहीत.

तीन महिन्यांपूर्वी केळुसकरांनी त्याच ग्रुपवर बायको गेल्याचं कळवलं होतं. कुंट्यांनी सवयीने खाली चार चुका काढल्या आणि मजकूर मग वाचला. केळुसकरांनी ग्रुप सोडला, वाचनालयातली शेजारची खुर्चीही सोडली. कुंटे दोनदा घरी जाऊन माफी मागून आले. दोन्ही वेळा केळुसकरांनी दार लावून घेतलं. तेव्हापासून कुंट्यांनी कोणाची चूक काढली नव्हती. रोज येऊन ते नुसत्या थापा मारत, खिडकीपर्यंत ऐकू जातील अशा. आता त्याचाही शीण आला होता.

"मग जिंकलं कोण?" बाईंनी विचारलं.

कुंट्यांनी पेपराकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्या माणसाने समोरच्याची चूक कधी पोटात घातली नव्हती.

"कोण म्हणजे? केळुसकर आणि मी नऊ दिवस भांडलो," ते जरा मोठ्यानेच म्हणाले. "दहाव्या दिवशी केळुसकरांनी सगळ्यांसमोर हार मानली."

पेपर खाली आला.

"धादांत खोटं, कुंट्या! अकरा दिवस भांडलो. आणि हरलास तू!"