पिठातलं पाऊल

विट्यातल्या जुन्या बंगल्याच्या दिवाणखान्यात उदयसिंहकाकांचा खून झाला होता. त्या जागी रीतीप्रमाणे पीठ पसरून वर बुट्टी पालथी घातली होती. जीव कुठल्या जन्माला गेला, त्याची खूण पिठात उमटते म्हणतात.

सकाळी घरातल्या थोरल्या नाथाजीआबांनी बुट्टी उचलली.

चिमणीचं नव्हे, मुंगीचं नव्हे. माणसाचं अनवाणी पाऊल. उजवं.

"ह्यांनी मारेकरी दावला," विजयमालाकाकी भिंतीला टेकून म्हणाल्या. त्यांचं कपाळ मोकळं होतं.

संयोगिता पुढं झाली. तिचा भाऊ जयराज या खुनापायी पोलीस कोठडीत होता. ती आत्ताच सांगलीच्या हॉस्टेलवरनं पोचली होती.

"आबा, दादाचा पाय दहा नंबरचा हाय. ह्ये बारकं हाय. घरातल्या सगळ्यांची मापं घ्या, म्हंजे दादा सुटंल!"

"लय शानी झालीस," आबा म्हणाले, पण त्यांनी सुतळी आणवून पिठातल्या पावलाचं माप घेतलं.

आबांचा स्वतःचा पाय लांब निघाला.

काकींचा रुंद निघाला.

पूजावहिनींचा आखूड.

नानासो गड्याचा तर सुतळीत मावेना.

"आता तूच ऱ्हायलीस गं," काकी म्हणाल्या.

"मी? आवं काकी, मी त्या दिवशी सांगलीत होते." संयोगिता हसली. बाकी कुणी हसलं नाही.

दादाला सोडवायचं तर कुणाला सूट नको, म्हणून ती खाली बसली. आबा सुतळी घेऊन वाकले. पहाटे हॉस्टेलवर चढवलेला उजव्या पायातला मोजा तिनं ओढून काढला.

तळवा पिठानं पांढरा झाला होता.