सोडलेली पेनल्टी

पेनल्टीसाठी चेंडू मी हातात घेतलाच होता. आठ वर्षं फुटबॉलमध्ये फॉरवर्ड खेळलेली मी बाळंतपणानंतर पहिल्यांदाच निवड चाचणीला उतरले होते आणि राज्य संघात एकच जागा उरली होती.

तेवढ्यात प्रेक्षकांतून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं आणि माझी जर्सी दुधानं भिजली.

"प्रतीक्षा, तू मार गं!" त्याच जागेसाठी उतरलेल्या तिच्या हातात चेंडू कोंबून मी धावले.

"वैनी, पेनल्टी सोडून हिकडं कशाला आलीस?" नणंद ओरडलीच. माझी लेक तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती. रडत होतं ते मागच्या ओळीतलं, दुसऱ्याच कुणाचं बाळ.

मैदानात जल्लोष झाला. निवड समितीच्या सरांनी प्रतीक्षाचं नाव लिहून घेतलं.

लेकीला शांत बघून जीव भांड्यात पडायला हवा होता. मी मात्र तिच्या कानात म्हणाले, "निदान रडायचं तरी होतंस गं."